कातकरी वाडीवर व्यवसाय उभा करून द्यायचा असेल तर : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मित्रमंडळींनी मिळून पाच लाख रुपये जमवले आहेत, रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीवर तीस कुटुंबे राहतात, प्रत्येक कुटुंबाला दोन शेळ्या किंवा एक शिलाई मशीन द्यावे असा विचार आहे, तर या दोहोंपैकी कोणता व्यवसाय हमखास चालेल? मी गेली एकवीस वर्षे पेण, सुधागड आणि कर्जत तालुक्यांतील वाड्यांवर उपजीविकेचे काम करीत आहे. प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि पैसेही कष्टाने जमवलेले दिसतात, म्हणून एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचावे.

व्यवसाय ठरवण्याआधी त्या घराचे वर्ष कसे जाते हे समजून घ्यावे लागते. आषाढात भातलावणीची मजुरी मिळते. लावणी आटोपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम राहत नाही. खाडीतले खेकडे, ओढ्यातले मासे, रानातली कंटोळी विकून कसेबसे दिवस निघतात, रेशनचे तांदूळ महिना पुरत नाहीत, आणि नेमक्या याच दिवसांत, गणपतीच्या आगेमागे, वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो. तो नवराबायकोच्या जोडीमागे उचल देतो. माझ्या पाहण्यात ही रक्कम वीस-तीस हजारांच्या घरात असते आणि तिचा बराचसा भाग आधीची उधारी, आजारपण आणि सण यांत आठवडाभरात संपतो. दिवाळी झाली की ते जोडपे मुलाबाळांसह भट्टीवर जाते, दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची घेते आणि मेअखेर हिशेब होतो. हजार विटांमागे ठरलेल्या दरातून उचल आणि खर्ची वजा जाते. पुष्कळदा हाती काही येण्याऐवजी अंगावरच काही बाकी राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे जाणे भाग पडते.

आता या वर्षात आपल्या दोन शेळ्या ठेवून पाहा. जानेवारीत दिल्या तर घराला कुलूप असते आणि शेळ्या सासूच्या किंवा शेजारणीच्या गळ्यात पडतात. ऑगस्टमध्ये दिल्या तर घरात धान्य नसते, म्हणून त्यांतली एक महिन्याभरात विकली जाते. तसे झाले की देणारे म्हणतात, ‘यांना कितीही द्या, टिकत नाही.’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे, कारण लेकरू उपाशी असताना शेळी विकणारी आई चुकीचा निर्णय घेत नसते. तेव्हा ‘कोणता धंदा?’ याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : उचल न घेता हे घर श्रावणापासून पुढचे आठ-दहा महिने कसे काढील? याचे उत्तर तयार असेल तर तीन-चार प्रकारचे व्यवसाय चालू शकतात. नसेल तर कोणताही चालत नाही.

हे केवळ माझ्या अनुभवाचे बोल आहेत असे समजू नका. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक वेगळा कार्यक्रम सुरू केला, कारण गावातल्या सर्वांत गरीब बायका कर्जाच्या गटांत येतच नाहीत किंवा आल्या तरी टिकत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्या कार्यक्रमात जनावर किंवा इतर साधन फुकट दिले जाते, उत्पन्न सुरू होईपर्यंत खाण्यापिण्यासाठी थोडी नियमित रक्कम मिळते, साधन सांभाळायचे प्रशिक्षण असते, बचतीची सवय लावली जाते, आणि कार्यकर्ती जवळपास दर आठवड्याला घरी येते. पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात ‘बंधन’ या संस्थेने याच धर्तीवर काम केले. भारतासह इथिओपिया, घाना, होंडुरास, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांतील अशा कामांची काटेकोर पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी त्या घरांचे खाणेपिणे, उत्पन्न आणि बचत इतरांपेक्षा चांगली होती, आणि मुर्शिदाबादेत तर दहा वर्षांनंतरही फरक दिसत होता. त्याच पाहणीत होंडुरासमध्ये मात्र कोंबड्या वाटल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच रोगाने मेल्या आणि साधनसंपत्तीच्या बाबतीत लोक होते तिथेच राहिले. ज्यांना कोंबड्या वाटायच्या असतील त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आपल्या पाच लाखांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष बांगलादेशातील त्याच कार्यक्रमावर २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा आहे. गाय मिळाल्यानंतर ज्या घरांची एकूण मालमत्ता एका ठराविक पातळीच्या वर गेली ती पुढे वर चढत राहिली, आणि जी त्या पातळीच्या खाली राहिली ती हळूहळू पुन्हा पूर्वीच्याच गरिबीत घसरली. याचा अर्थ तीस घरांना थोडेथोडे वाटण्यापेक्षा दहा घरांना पुरेसे देणे योग्य. उरलेल्या वीस घरांना ‘आम्हाला का नाही?’ याचे उत्तर द्यावे लागते आणि ते जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझा सल्ला दहाचाच आहे. पुढच्या वर्षी आणखी पैसे उभे राहिले तर आणखी दहा घरे घ्या आणि हे वाडीच्या बैठकीत आधीच मोकळेपणाने सांगा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. वाडी कोणाच्या जागेवर आहे हे पाहा. अनेक कातकरी वाड्या खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत, आणि ज्या झोपडीखालची जागाच आपली नाही तिच्या शेजारी शेळ्यांचा गोठा बांधू दिला जाईलच असे नाही. वाडीपासून आठवडी बाजार किती लांब आहे, एसटी किंवा विक्रम रिक्षा पावसाळ्यात येते का, पाणी कुठून आणावे लागते, घरात कामाला येणारे हात किती आहेत आणि म्हातारे माणूस आहे का, यावर निम्मा निर्णय ठरतो. खाडीकाठची वाडी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

दहा घरे निवडायची कशी, यावर थोडे थांबतो. दारिद्र्यरेषेच्या यादीवर विसंबून राहू नका. बचतगटाच्या यादीवर तर मुळीच नको, कारण महिन्याची बचत भरू न शकल्यामुळे गटातून बाहेर पडलेल्या बायकाच आपल्याला हव्या आहेत. आम्ही वाडीच्या मधल्या अंगणात राखेने वाडीचा नकाशा काढून घेतो. बायका एकेक घर दाखवतात, घरासाठी खडा ठेवतात, आणि मग कोणत्या घरात दोन वेळची चूल पेटते, कोणाच्या घरी फक्त संध्याकाळी, यावर खड्यांची हलवाहलव सुरू होते. सुधागड तालुक्यातल्या एका वाडीवर असा नकाशा पूर्ण झाला, सगळ्यांनी मान डोलावली, आणि निघता निघता मला ओढ्यापलीकडे धूर दिसला. विचारल्यावर कळले की तिथे एक विधवा बाई दोन मुलांना घेऊन राहते, ‘पण ती बैठकीला येत नाही’. नकाशावर तिचा खडाच नव्हता. सर्वांत गरीब माणूस बैठकीत नसते, ते मजुरीवर असते किंवा त्याला बोलावलेलेच नसते. म्हणून नकाशानंतर प्रत्येक घरी स्वतः जाऊन चूल, धान्याचा डबा आणि अंथरूण पाहिल्याशिवाय यादी पक्की करू नये. त्या बाईचे पुढे काय झाले ते खाली सांगतो.

निवड झाली की लगेच माल खरेदीला धावू नका. पहिले दोन महिने कागदपत्रांत घालवा, कारण सरकारकडून जे मिळायला हवे ते मिळाले तर आपल्या पैशांवरचा भार हलका होतो. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. घरात हे कार्ड आहे का, आणि असल्यास ते गहाण पडलेले नाही ना, हे पाहा. विधवा आणि निराधार बायकांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे (उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड), त्यामुळे १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात घर, आधार कार्ड आणि जातीचा दाखला यांची कामे होऊ शकतात. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात तीन-चार फेऱ्या होतील. त्या फेऱ्यांना मजुरी बुडवून त्या बाईला एकटीला पाठवू नका, आपल्यापैकी कोणीतरी बरोबर जा. माझ्या मते एखाद्या घराचा विश्वास कमावण्याची याहून चांगली रीत नाही.

आता पोटाची सोय. व्यवसायासाठी दिलेला पैसा पोटात जाऊ नये असे वाटत असेल, तर पोटासाठी वेगळा पैसा ठेवावा लागतो. आम्ही घरटी महिन्याला हजार रुपये, श्रावणापासून पुढे दहा महिने, बाईच्या बँक खात्यात जमा करतो. रक्कम मोठी नाही. पण ३५ किलो धान्य आणि हे हजार रुपये मिळून गणपतीत मुकादमाला ‘यंदा नको’ म्हणण्याचा धीर येतो. ही रक्कम आषाढात जाहीर करा आणि श्रावणात पहिला हप्ता द्या. ऑक्टोबरमध्ये दिलात तर उचल आधीच घेऊन झालेली असते आणि तुमची सगळी योजना एका वर्षाने पुढे जाते. आमच्या पहिल्या गटात निधी मंजूर होईपर्यंत दसरा उजाडला होता. बारापैकी सात घरे भट्टीवर निघून गेली आणि त्यांना अडवण्याचा मला काही अधिकार नव्हता.

व्यवसायाकडे येतो. शिलाई मशीनबद्दल थोडक्यात सांगतो : ज्या वाडीवर सगळे कपडे आठवडी बाजारातून तयार घेतले जातात तिथे शिवायला कोण देणार? ब्लाउज शिवणारी एखादी बाई चालते, दहा चालत नाहीत. पापड-लोणच्यांचेही तसेच आहे. तिथे करणे सोपे असते, विकणे कठीण असते, आणि शहरातल्या प्रदर्शनात ओळखीपाळखीचे लोक दोनदा घेतात, तिसऱ्यांदा घेत नाहीत.

शेळ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझी सर्वांत मोठी चूक शेळ्यांच्या बाबतीतच झाली. उस्मानाबादी शेळी चांगली, जुळी करडे देते, असे वाचून मी मराठवाड्यातल्या एका बाजारातून पंचवीस शेळ्या विकत घेतल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पोने वाडीवर आणल्या. कोरड्या हवेत वाढलेली जनावरे कोकणच्या पावसात उतरली. आठ दिवसांत खुरे सडू लागली, मग न्यूमोनिया झाला, मग हगवण लागली, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांतल्या अकराच उरल्या. लसीकरण केलेले नव्हते, जमिनीपासून उंच माचा बांधलेला नव्हता, आणि डॉक्टर वीस किलोमीटरवर होते. बायकांनी मला दोष दिला नाही. एक जण एवढेच म्हणाली, ‘दादा, आम्हाला विचारलं असतंत तर सांगितलं असतं, पावसात कोण जनावर आणतं का.’

त्यानंतर आम्ही शेळ्या दसऱ्यानंतरच घेतो, आणि त्याही जवळपासच्या बाजारातून, इथल्याच पावसात वाढलेल्या. खरेदीला ती बाई स्वतः येते, दात पाहते, कास पाहते आणि भाव करते. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या दोन रोगांच्या लसी घेतल्याशिवाय पावसाळा येऊ देत नाही. आंत्रविषाराची लस कोवळा चारा उगवण्याच्या आधी टोचावी लागते, आणि जंताचे औषध पावसाच्या आधी आणि नंतर असे दोनदा द्यावे लागते. उमेद या राज्य सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाने अनेक गावांत पशुसखी, म्हणजे जनावरांची प्राथमिक काळजी शिकलेल्या गावातल्याच बायका, तयार केल्या आहेत. आपल्या भागात असेल तर तिला आधीच जोडून घ्या. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे दसऱ्यानंतर घेतलेली शेळी उन्हाळ्यात विते आणि विकण्याजोगा बोकड हाती यायला आणखी आठ-दहा महिने जातात. बकरी ईदच्या आधी बोकडाला चांगला भाव येतो, त्यामुळे ईद कोणत्या महिन्यात येते ते पाहून विक्री आखावी लागते. थोडक्यात, शेळी हे वर्षा-दीड वर्षाने पैसा देणारे साधन आहे. ज्या घरी संध्याकाळची चूल पेटत नाही त्या घराला ती एकटी देऊन भागत नाही. तिच्या जोडीला आठवड्याला पैसा आणणारे काहीतरी लागते.

असे आठवड्याचे पैसे आणणारे काम म्हणून आमच्या भागात सर्वांत चांगले टिकलेले काम सुक्या मासळीचे आहे. ओढ्यापलीकडच्या त्या विधवा बाईने तेच निवडले. लहानपणी आईबरोबर खाडीत मासे धरलेले असल्यामुळे तिला मासळीची पारख होती. जवळा ताजा वाळवलेला आहे की जुन्यात मिसळलेला, हे ती मूठभर हातात घेऊन वासावरून सांगे. पहिल्या खेपेला आम्ही तिला दोन हजारांचा माल घेऊन दिला : जवळा, सुकट, बोंबील आणि थोडी वाकटी. बाजारच्या दिवशी मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसलो होतो. संध्याकाळी मोजले तेव्हा २,४०० रुपये जमले होते आणि खरेदीच्या भावाने सुमारे दोनशेचा माल उरला होता. म्हणजे १,८०० च्या मालाचे २,४०० झाले आणि सहाशे सुटले. त्यातून जाण्यायेण्याचे, बाजार पावतीचे आणि पिशव्यांचे मिळून १२० रुपये गेले. उरले ४८०. एक दिवस खरेदीचा आणि एक विक्रीचा धरला तर रोज २४० पडले. हा आकडा भट्टीच्या कमाईपेक्षा डोळ्यांत भरेल इतका मोठा नाही. पण त्यावर कोणाची उचल नव्हती आणि तिची दोन्ही मुले त्या दोन्ही दिवशी शाळेत होती.

तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हिशेबाची वही तिच्या कामाची नव्हती. आम्ही पत्र्याचे तीन डबे घेतले. एकावर माशाचे चित्र, एकावर चुलीचे, एकावर घराचे. बाजारातून आल्यावर आधी माशाच्या डब्यात दोन हजार पुरे करायचे, मग चुलीच्या डब्यात घरखर्चाचे आणि उरतील ते घराच्या डब्यात. माशाच्या डब्याला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही, हा एकच नियम. तिसऱ्या महिन्यात धाकट्या मुलाला ताप आला आणि डबा रिकामा झाला. हे जवळपास प्रत्येक घरात एकदा तरी होते, आणि म्हणूनच अडीअडचणीचा वेगळा निधी हाताशी लागतो. त्यातून तिला दीड हजार बिनव्याजी दिले आणि ते तिने अकरा आठवड्यांत फेडले.

या धंद्याची खरी कमाई मात्र हंगामाच्या फरकात आहे. रायगडात पावसाळ्याआधी आगोट भरण्याची रीत आहे. एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी सुकी मासळी साठवली जाते, आणि समुद्रातली मासेमारी बंद झाली की जुलै-ऑगस्टमध्ये तिचा भाव चढतो. ज्या बाईकडे मे महिन्यात सहा-सात हजारांचा माल भरून ठेवण्याइतके भांडवल आणि दमट हवा न लागणारा घट्ट झाकणाचा पिंप आहे, तिचा श्रावण उपाशी जात नाही. एरवी याच मे महिन्यात ती भट्टीवर असते. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही भांडवलाचा दुसरा हप्ता देतो. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी दिली तर ती या वेळेपर्यंत शिल्लक राहत नाही. त्या बाईने चौथ्या वर्षी स्वतःच्या पैशांनी दोन शेळ्या घेतल्या. शेळी तिच्या बाबतीत शेवटी आली, सुरुवातीला नाही.

हे सगळे कर्जावर का करू नये, असे आपल्यापैकी कोणी विचारील. साठवलेले काहीच नसलेल्या घराला पहिले भांडवल कर्जाने देऊ नये असे माझे ठाम मत आहे. आठवड्याचा हप्ता माल विकला गेला नाही तरी भरावा लागतो, आणि तो भरण्यासाठी बाई पुन्हा मुकादमाकडे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सूक्ष्म कर्जावर हैदराबादसह सहा ठिकाणी झालेल्या अभ्यासांतही, जे २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, कर्जाने सर्वसाधारण घराचे जीवन पालटल्याचे आढळले नाही. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांना त्याचा अधिक उपयोग झाला. दोन वर्षांनी हीच बाई बचतगटात गेली आणि बँकेचे कर्ज घेऊन फेडू लागली तर आनंदच आहे.

दहा जणींचा एकत्र व्यवसाय काढावा का? नको. अंगमेहनत सारखी होत नाही, पैशांवरून भांडण होते आणि शेवटी एक शिकलेली बाई सगळे चालवते. दोघी-तिघींनी मिळून माल आणणे, भाड्याची गाडी करणे, एकीच्या आजारपणात दुसरीने बाजार धरणे इतपत एकोपा पुरे. केनिया आणि युगांडात तिघातिघांच्या गटांना भांडवल देण्याची पद्धत आहे, तीही मला याच कारणाने शहाणपणाची वाटते.

खर्चाची मांडणी दहा घरांसाठी मी अशी करीन. भांडवल घरटी पंधरा हजार, दोन हप्त्यांत, म्हणजे दीड लाख. पोटासाठी घरटी दहा महिने हजार रुपये, म्हणजे एक लाख. वाडीच्या जवळपास राहणारी, शक्यतो कातकरी समाजातलीच, एक कार्यकर्ती महिन्याला सात हजार मानधनावर वीस महिने, म्हणजे एक लाख चाळीस हजार. हे अर्धवेळ काम आहे. लसी, औषधे, प्रशिक्षण आणि प्रवास चाळीस हजार. अडीअडचणीचा निधी सत्तर हजार. एकूण पाच लाख. देणगीदारांपैकी कोणीतरी मानधनाच्या आकड्यावर बोट ठेवून ‘एवढे पैसे पगारात का?’ असे नक्की विचारील. त्यांना सांगा की साधन दिल्यानंतरचे पहिले सहा महिने ते घर रोज एखाद्या अडचणीत असते : करडू आजारी पडते, नवरा भांडवल मागतो, बाजारातली जुनी विक्रेती जागेवरून हुसकावते, भट्टीवाला निरोप पाठवतो. त्या प्रत्येक वेळी जिच्याशी बोलता येईल अशी एक बाई आठवड्याला दारात येणे, यावर त्या घराचे टिकणे अवलंबून असते. मला दोनपैकी एकच खर्च कापायला सांगितला तर मी भांडवल कापीन, मानधन नाही.

राहिला प्रश्न अंगावरच्या बाकीचा. घरावर भट्टीवाल्याचे जुने पैसे असतील तर ते आपल्या निधीतून फेडण्याची घाई करू नका. ती रक्कम कागदावर नसते, मालक सांगेल तेवढी असते, आणि एका घराची फेडली की चार घरांची वाढवून सांगितली जाते. शिवाय उचलीच्या बदल्यात कामावर अडकवून ठेवणे, दुसरीकडे जाऊ न देणे, धमकावणे असे प्रकार होत असतील तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने तिचे उच्चाटन झालेले आहे आणि त्या कायद्यानुसार असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. अशा वेळी एकटे पुढे होऊ नका. त्या भागात काम करणाऱ्या आदिवासी संघटनेच्या कार्यकर्त्यांना बरोबर घ्या, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करा, आणि त्या कुटुंबाला वाडीवर एकटे सोडू नका. आपण शहरात परत जाता, त्यांना तिथेच राहायचे असते.

आणि सगळी घरे भट्टी सोडतील अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे काही घरांत पहिल्या वर्षी नवरा भट्टीवर गेला आणि बाई मुलांसह घरी राहिली. मी तेही चांगलेच समजतो, कारण त्यामुळे मुलांचे शाळेचे वर्ष वाया जात नाही आणि शेळीला राखणारे माणूस घरी असते.

आपण वाडीवर पहिल्यांदा जाल तेव्हा शेळ्यांचा किंवा पैशांचा विषय काढू नका. प्रत्येक घरी एवढेच विचारा : मागच्या वर्षी उचल कोणत्या महिन्यात घेतली, किती घेतली आणि ती कशाला लागली. तीस घरांची ही उत्तरे एका कागदावर मांडून मला पाठवा. आगोटीला अजून किती दिवस आहेत ते पाहून पुढचे ठरवू.